वाटीभर साखर म्हणजे किती ग्रॅम?

मागच्या अंकात मी संत्र्याच्या केकची कृती दिली आणि त्यात साखर ग्रॅममध्ये लिहिली. झालं! पत्रांवर पत्रं. "ताई, ग्रॅम कोण मोजत बसते, वाट्या सांगा ना" असं म्हणणाऱ्या बायका जास्त, आणि "कप म्हणजे नेमका कोणता कप" असं विचारणारी दोन-चार पोरं.

चूक माझीच आहे. आमचं किराणा दुकान घराच्या पुढच्या खोलीत. सैपाकघरातून चार पावलं टाकली की काटा. पीठ असो, साखर असो, मला वाटी शोधण्यापेक्षा काट्यावर टाकणं सोपं जातं. पण वर्धा नदीच्या काठच्या आमच्या या एवढ्याशा गावात काटा किती घरी असणार? दुकानात एक, रेशनवाल्याकडे एक, कापूस घेणाऱ्याकडे एक. म्हणून या वेळी सगळी जागा साखरेच्या मापाला देते. संत्रं पुढच्या वेळी.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला मोबाइलवर पाहून केक केला. कृती अमेरिकेतल्या बाईंची होती : एक कप साखर, दीड कप मैदा, दोन अंडी वगैरे. मैदा मी चहाच्या कपानं घेतला. साखर स्टीलच्या वाटीनं घेतली, आणि मुलीला गोड आवडतं म्हणून चांगली शीग लावून, म्हणजे काठाच्या वर ढीग चढवून घेतली. केक आधी मस्त फुगला आणि मग मधोमध विहिरीसारखा खचला. वरून काळपट, आतून चिकट. नंतर शोधलं तर एका ठिकाणी एक कप साखर म्हणजे २०० ग्रॅम, दुसरीकडे २२०, तिसरीकडे २५०. खरं कोणाचं मानायचं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तिघांपैकी दोघं खरे आहेत आणि तिसरा फसला आहे.

अमेरिकेत मोजायचा कप ठरलेला असतो, साधारण २३७ मिलिलिटरचा. त्यात दाणेदार साखर सपाट भरली की २०० ग्रॅम बसते. ऑस्ट्रेलियातला कप थोडा मोठा, २५० मिलिलिटरचा. तिकडच्या कृतींत बारीक दाण्याच्या साखरेचा कप २२० ग्रॅमचा धरतात. २५० ग्रॅम सांगणाऱ्यानं मात्र कपावरचा २५० हा आकडा पाहिला आणि मिलिलिटरलाच ग्रॅम म्हणून मोकळा झाला. पाण्याला ते चालतं, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. दुसऱ्या कशाला चालेलच असं नाही. घरातलं एक लिटरचं तेलाचं पाकीट उलटून पाहा. लिटरच्या शेजारी बहुतेक वेळा ९१० ग्रॅम छापलेलं असतं. गिऱ्हाईक आमच्या यांच्याशी त्यावरून भांडतात, "लिटरचे पैसे घेता अन् किलोला नव्वद ग्रॅम कमी देता." त्यात कोणी कोणाला फसवत नाही, तेल पाण्यापेक्षा हलकं आहे एवढंच.

आता साखरेची गंमत अशी की तिचा दाणा पाण्यापेक्षा चांगला दीडपटीहून जड असतो. चहात टाकली की तळाशी जाते ती त्याचमुळे. मग कपभर साखर कपभर पाण्यापेक्षा हलकी कशी भरते? घर बांधताना गिट्टी भरलेल्या घमेल्यात पाणी ओतून पाहिलं आहे का? भरलेल्या घमेल्यातही खूप पाणी मावतं. साखरेचं तसंच आहे. कपातली जवळपास अर्धी जागा दाण्यांमधल्या हवेची असते. तुम्ही कप ठोकला, हलवला, दाबला की ही हवा कमी-जास्त होते आणि त्याबरोबर ग्रॅमही. दाण्याचा आकार बदलला तरी थोडा फरक पडतो. आमच्याकडे ५० किलोचं पोतं येतं, त्यावर एम-३० किंवा एस-३० असं लिहिलेलं असतं. एम म्हणजे मध्यम दाणा, एस म्हणजे बारीक. पण खरं सांगते, या दोहोंच्या एका वाटीत मला कधी चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक सापडला नाही. खरा घोटाळा दाण्यात नसतो, तो शिगेत असतो.

शीग म्हटलं की मला माझे मामंजी आठवतात. ते बाजार समितीच्या यार्डात मापारी होते. खळ्यावर धान्य मोजायला बसले की पहिल्या मापाला "एक" कधी म्हणायचे नाहीत, "लाभ" म्हणायचे. लाभ, दोन, तीन... असं. त्यांच्या तरुणपणी पायली, शेर, चिपटं हीच मापं चालत. १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढे काही वर्षांत किलो आला, तरी गावात पायली बरीच रेंगाळली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्यांना शहाणपणानं सांगायला गेले, की शेर म्हणजे ८० तोळे, म्हणजे ९३३ ग्रॅम, शाळेत शिकवलं आहे आम्हाला. ते हसले. "मापाचा शेर अन् तागडीचा शेर एक कसा राहीन वो बाई? शेरभर तूर आन, अन् शेरभर लाह्या आन. मंग सांग मले कोणता जड हाय ते." आणि शीग लावायची की माप सपाट घ्यायचं, हे सौदा होतानाच ठरायचं. तिथे घोळ झाला की भांडण ठरलेलं.

मी नंतर एकदा हौसेनं पाहिलं. २४० मिलिलिटरच्या कपात सपाट साखर २०३ ग्रॅम भरली. त्याच कपावर बसेल तेवढी शीग चढवली, तर २४० च्या वर गेली. म्हणजे लेकीच्या प्रेमापोटी तुम्ही चढवलेली शीग तीन मोठे चमचे साखरेची होती.

पण ताई, तुमच्या केकचा खरा गुन्हेगार दुसराच आहे. पत्र वाचून मी थोडा हिशोब केला. आपला चहाचा कप बहुतेक १४० मिलिलिटरच्या आसपासचा असतो. असे दीड कप म्हणजे २१० मिलिलिटर, आणि तेवढ्यात मैदा बसतो जेमतेम ११० ग्रॅम. जेवणातली वाटी असते २०० मिलिलिटरची. ती शिगेसकट भरली तर साखर २०० ग्रॅम. कृतीला हवी होती तीही २०० ग्रॅमच! साखर तुमची चुकून बरोबर पडली. मैदा हवा होता १८५-१९० ग्रॅम आणि पडला ११०. मैदा उपाशी राहिला, ताई. दोष साखरेच्या माथी आला, कारण गोड जिभेला आधी कळतं.

साखर फक्त गोडीसाठी असती तर केक नुसता जास्त गोड झाला असता, खचला नसता. ती पाणी धरून ठेवते. मैद्यातलं स्टार्च आणि अंडं ज्या उष्णतेला आवळून घट्ट होतात, ती उष्णता साखर वाढली की आणखी वर सरकते. केक फुगतो, पण आतून उभा राहायला त्याला वेळ लागतो. तोवर वरची साल तपकिरी झालेली असते, आपल्याला वाटतं झाला, आपण झाकण काढतो, आणि मध्यभाग बसतो. मैद्याच्या जवळपास दुप्पट साखर असल्यावर त्यानं दुसरं काय करावं?

तेव्हा घरात काटा नसेल तर पहिला नियम हा, की साखर, मैदा, तेल, दूध सगळं एकाच भांड्यानं मोजा. भांडं कोणतंही असू द्या, प्रमाण तरी सुटणार नाही. अंड्यांचं मात्र जमत नाही. कोंबडी तुमच्या वाटीप्रमाणे अंडं देत नाही. सालाशिवाय एक अंडं साधारण ५० ग्रॅमचं, ते तेवढंच राहणार. म्हणून वाटी फार लहान असेल तर दोनऐवजी एकच अंडं फोडा.

दुसरी गोष्ट, आणि ही केलीत तर मला पुन्हा पत्र लिहावं लागणार नाही. पुढच्या वेळी किराणा आणाल तेव्हा साखरेचं एक किलोचं बंद पाकीट घ्या. ते कोपरात, म्हणजे पसरट परातीत ओता. तुमची रोजची वाटी घ्या आणि तिनं साखर दुसऱ्या डब्यात मोजत जा. वाटी ठोकायची नाही, दाबायची नाही. वरून सुरीच्या पाठीनं सपाट करायची. किती वाट्या झाल्या ते मोजा. साडेसात झाल्या तर हजार भागिले साडेसात, म्हणजे वाटीत १३३ ग्रॅम. आठ झाल्या तर १२५. अमेरिकन कपानं हे केलंत तर बरोबर पाच कप निघतील. पाकीट किलोचं आहे हे ज्यानं छापलं त्याची जबाबदारी, आपल्याला काट्याची गरज नाही.

माझ्या वाटीत १३३ बसते. ही वाटी मी आर्वीच्या भांडेवाल्याकडे नेली, लग्नाच्या भांड्यांवर नावं घालणारा तो. त्याला म्हटलं, माझ्या नावाखाली बुडाला १३३ असं घाल. तो म्हणाला, "काकू, वाट्या चाराच्या वर नाही दिसत, नंबर काहून टाकता?" हा नंबर साखरेचा आहे, हे त्याला सांगितल्यावर त्यानं मान हलवली आणि पैसे नेहमीचेच घेतले. पण ताई, हे लक्षात ठेवा की हा आकडा फक्त दाणेदार साखरेचा. त्याच वाटीत मैदा भरला तर ८० ग्रॅमच बसेल. मैद्यासाठी हाच खेळ मैद्याच्या पाकिटावर वेगळा खेळावा लागेल, आणि तिथे हात आणखी सैल हवा, कारण मैदा दाबला की भलताच मावतो.

कपानं मोजायची ही पद्धत अमेरिकेत पक्की केली ती फॅनी फार्मर या बाईंनी. १८९६ मध्ये छापलेल्या त्यांच्या पाकपुस्तकात कप आणि चमचा सपाटच घ्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. त्याआधी तिकडेही "अक्रोडाएवढं लोणी" वगैरे चालायचं. इंग्लंडात मात्र तागडी सुटली नाही. म्हणून इंग्लंडच्या कृतीत २२५ ग्रॅम साखर असा विचित्र आकडा भेटतो. तो त्यांचा जुना अर्धा पौंड आहे, ग्रॅमचे कपडे घातलेला. असा आकडा दिसला की समजा, लिहिणाऱ्यानं वजन केलेलं आहे, आणि कृतीवर थोडा जास्त विश्वास टाका.

चमच्यांचंही सांगून टाकते. मोजायचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, त्यात साखर साडेबारा ग्रॅम. लहान चमचा ५ मिलिलिटरचा, त्यात ४ ग्रॅम. आपले जेवणातले चमचे यात धरू नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर टोपी येते ना, ५ आणि १० च्या रेघांची, तिनं पाणी घेऊन आपला चमचा एकदा तपासून ठेवा. आमच्या घरच्या पोह्यांच्या चमच्यात ९ मिलिलिटर निघालं, म्हणजे तो ना लहान ना मोठा.

प्रश्न : काकू, दिवाळीत मी आईसाठी नानकटाई केली. कृतीत "१ कप पिठीसाखर" लिहिलं होतं. घरात पिठीसाखर नव्हती म्हणून १ कप साखर मिक्सरमधून काढली आणि सगळी टाकली. नानकटाई ट्रेमध्ये पसरून एकमेकींना चिकटली, थंड झाल्यावर दगड. आई म्हणते तूप जास्त झालं. मी तर तूप मोजूनच घातलं होतं.
– अकरावीचा विद्यार्थी, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, आईला सांग की तूप निर्दोष आहे.

शेरभर ज्वारी भट्टीवर फोडली की लाह्यांनी टोपलं भरतं, हे तू नागपंचमीला पाहिलं असशील. साखर दळली की अगदी तेवढी नाही, पण तशीच फुगते. एक कप दाणेदार साखर २०० ग्रॅमची. ती दळलीस तरी वजन २०० च राहतं, मिक्सरच्या झाकणाला चिकटलं तेवढं सोड. पण तिची पिठीसाखर होते पावणेदोन कप. कारण कपभर मोकळी पिठीसाखर म्हणजे ११५-१२० ग्रॅम. कृतीनं तुला १२० मागितली आणि तू २०० दिलीस. ऐंशी ग्रॅम जास्तीची साखर भट्टीत वितळली आणि नानकटाईला घेऊन वाहत गेली. थंड झाल्यावर तीच साखर पुन्हा घट्ट झाली. तुझा तो दगड तिचाच.

आणि शब्द नीट वाच. "एक कप साखर, दळून" आणि "एक कप दळलेली साखर" यांत दळणं आधी की मोजणं आधी, एवढाच फरक आहे. दोन्ही वाक्यं मराठीत सारखीच वाटतात आणि ट्रेमध्ये ऐंशी ग्रॅमचा फरक पाडतात. कृती लिहिणाऱ्यांनी (माझ्यासकट) हे सांभाळायला हवं, पण निम्मे लोक सांभाळत नाहीत. ग्रॅममध्ये लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही. २०० ग्रॅम साखर दळून घे, दाणेदार घे, की खडीसाखर कुटून घे, २०० ग्रॅम ती २०० ग्रॅमच.

आमच्या लहानपणी घरी भट्टी नव्हती. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, साखर, डालडा असं सगळं सामान घेऊन बैलगाडीनं तालुक्याच्या बेकरीत जायचं, आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई, बिस्किटं घेऊन परत यायचं. आई साखर घरूनच जात्यावर दळून न्यायची. तिचं म्हणणं, बेकरीवाला साखर काढून घेतो. तो म्हातारा बेकरीवाला आईचा डबा हातात घ्यायचा, आतली पिठीसाखर पाहायचीही तसदी न घेता सरळ तागडीत रिकामी करायचा. आई म्हणायची, "अरे, मी चार शेर मोजून आणली." तो म्हणायचा, "बाई, तुमचे चार शेर तुमच्या घरी. माझ्या भट्टीला वजन समजते." आईला राग यायचा. मला आता त्याचं पटतं, पण आईला सांगायची हिंमत तेव्हाही नव्हती.

माझं नानकटाईचं माप घे, वजनात : मैदा ४०० ग्रॅम, बेसन १००, तूप ३००, पिठीसाखर २५०, चिमूटभर मीठ, वेलची, आणि सपाट अर्धा लहान चमचा सोडा. तूप घोटून घट्ट, पांढरं कर, मग साखर घालून पुन्हा घोट. काटा नसेल तर २५० ग्रॅम साखर कशी आणायची, हे तू विचारशील. पाव किलो दाणेदार साखर दुकानातून तोलून आण आणि ती सगळी दळ. झालं. दळायच्या आधी वजन करायला कोणाची बंदी नाही.

एक सावधगिरी. बाजारात आयसिंग शुगर म्हणून जी मिळते तिच्यात गाठी होऊ नयेत म्हणून मक्याचं स्टार्च मिसळलेलं असतं. नानकटाईला ती चालते, पण तिच्या चहाला मला हाक मारू नको.

प्रश्न : डॉक्टरांनी यांना साखर कमी करायला सांगितली आहे. केकमध्ये साखरेऐवजी गूळ घातला तर कपाला कप घालायचा का?
– एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर : आधी हे, की गूळ म्हणजे साखर नाही असं समजून भाऊजींना दोन तुकडे जास्त वाढू नका. गूळही बहुतांश साखरच आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आता मापाचं. कपाला कप अजिबात नको, ग्रॅमला ग्रॅम घ्या. किसलेला गूळ कपात मोकळा पडला की वेगळा, दाबला की वेगळा, आणि उन्हाळ्यात नरम झाला की आणखी वेगळा. अमेरिकेच्या कृतीत ब्राउन शुगर "दाबून भरलेला कप" म्हणून लिहिलेली असते. ती दाबून २१५ ग्रॅमच्या आसपास बसते, आणि न दाबता भरली तर कितीही कमी. गुळाला दाबायचं की नाही हे कोणीच लिहीत नाही, म्हणून वजनच करा. गुळाबरोबर थोडं पाणीही येतं, तेव्हा दूध एक-दोन मोठे चमचे कमी करा. गूळ लोण्याबरोबर साखरेसारखा फेसाळत नाही. तो दुधात विरघळवून, गाळून, थंड करून घाला. गाळा मात्र नक्की. मी एकदा गाळला नाही आणि पाहुण्यांच्या दाताखाली उसाची काडी आली.

प्रश्न : घरी जुनी तागडी आहे, पण वजनं हरवली. एक रुपयाची, पाच रुपयाची नाणी वजन म्हणून वापरता येतील का?
– एक वाचक, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया

उत्तर : नको. एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या सालांत वेगवेगळ्या वजनाची निघालेली आहेत. तुमच्या मुठीत तीन पिढ्यांचे रुपये असतील आणि तीनही वेगळे भरतील.

पाणी वापरा. तागडीच्या दोन्ही पारड्यांत सारखी दोन रिकामी भांडी ठेवा, दांडी सरळ झाली का पाहा. नसेल तर हलक्या बाजूला चार खडे टाका. मग एका भांड्यात २०० मिलिलिटर पाणी मोजून ओता आणि दुसऱ्यात साखर टाकत जा. दांडी सरळ झाली की साखर २०० ग्रॅम. मिलिलिटर मोजायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज किंवा दूधवाल्याचं माप चालेल. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, हे तर आहेच. तुमच्याकडे तांदूळ अजून कुडवानं मोजतात असं ऐकते, म्हणजे मापाचा शेर आणि तागडीचा शेर वेगळा, हे तुम्हाला मी काय सांगणार?

पैसे खर्चायचेच असतील तर एक-एक ग्रॅम दाखवणारा लहान सैपाकघरातला काटा घ्या. दुकानातला मोठा काटा केकला फारसा कामाचा नाही. आमचा ३० किलोचा आहे, तो पाच-पाच ग्रॅमच्या पायरीनं चढतो. साखर मोजायला ठीक, पण तीन ग्रॅम सोडा टाकला तर त्याला पत्ताही लागत नाही. सोडा, बेकिंग पावडर, मीठ ही चमच्यानंच घ्या.

आणि रिकामं भांडं ठेवल्यावर काटा शून्यावर आणायला विसरू नका. गावातल्या एका गुरुजींच्या निरोप समारंभाला मी तीन किलोचा केक कबूल केला होता. दिवे गेले होते, काटा बॅटरीवर, मी घाईत. साखरेसाठी गंज, म्हणजे पातेलं ठेवलं आणि शून्याचं बटण न दाबताच साखर ओतली. गंजाचं वजन साखरेत मोजलं गेलं. केक झाला सुरेख, फुगला सुरेख, पण गोडीच्या नावानं भाकरी. गुरुजींनी भाषणात सांगितलं, की हा केक माझ्या पगारासारखा आहे, दिसायला मोठा. सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन आधी तो गंज तोलला. ४१० ग्रॅम निघाला.

प्रश्न : पावसाळ्यात डब्यातली साखर ओलसर होते. मग ती जास्त जड भरते का? मोजताना कमी घ्यायची का?
– एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : वजनात कमी करायची गरज नाही, तेवढा ओलावा केकला कळतही नाही. वाटीनं मोजत असाल तर मात्र त्रास आहे, कारण गाठींमध्ये पोकळी राहते आणि वाटीत साखर कमी बसते. गाठी लाटण्यानं फोडून, चाळून मग वाटी भरा. आणि पिठीसाखर पावसाळ्यात दळून ठेवूच नका, लागेल तेव्हा लागेल तेवढीच दळा.